सकाळी सात वाजताचा भाऊ

मूर्तिजापूर मागं पडलं आणि मला आठवलं की आज बावीस मे आहे.

तशी तारीख माहीतच होती. बावीस मेला मोठेबाबांची, म्हणजे पप्पांच्या मोठ्या भावाची, तेरवी, म्हणून तर पहाटे उठून, अंघोळी करून आम्ही अकोल्याहून निघालो होतो. पण बावीस मे म्हणजे मोठेबाबा आणि मोठीआईच्या लग्नाचा वाढदिवसही. हे मला आठवलं तेव्हा गाडीच्या घड्याळात सात वाजून चार मिनिटं झाली होती.

पप्पांचा फोन माझ्याकडंच होता, रस्ता दाखवायला. मी तो उघडला. पाठवलेल्यांच्या यादीत दिसलं, मेसेज गेला होता. बरोब्बर सात वाजता, मी दिवाळीत लिहून ठेवल्याप्रमाणे, एकही काना-मात्रा न बदलता:

"आदरणीय दादा आणि वहिनी, लग्नाच्या वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा! तुमची जोडी अशीच शंभर वर्षं हसत राहो. तुमचा किशोर."

पुढं दोन गुलाब आणि एक केक.

तेरा दिवसांपूर्वी जाळलेल्या माणसाला केक.

मी पुसून टाकणार होते, खरंच. पण तिथं मग 'मेसेज पुसला' असं येतं, ते तर याहून वाईट. मी अंगठा वर धरून विचार करत होते, तेवढ्यात त्या दोन राखाडी खुणा निळ्या झाल्या. अमरावतीत कुणीतरी मोठेबाबांचा फोन हातात घेऊन बसलं होतं.

आता हे कसं झालं ते सांगते, कारण माझी चूक कुठं आणि पप्पांची कुठं, हे मला त्या दिवसापासून आजपर्यंत नीट वेगळं करता आलेलं नाही.

पप्पांचं अकोल्यात बी-बियाण्याचं दुकान. गिऱ्हाईक चारशेच्या वर. गेल्या दिवाळीत मी त्यांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप टाकलं, त्यात वर्षभराचे मेसेज आधीच भरून ठेवता येतात. तारीख द्यायची, वेळ द्यायची, विसरून जायचं. मी काय खूश होते म्हणून सांगू! नववीत होते, निबंधात पहिली आले होते, आणि दिवाळीची अख्खी सुट्टी मी शुभेच्छा लिहिण्यात घालवली. गिऱ्हाइकांना साध्या, पाहुण्यांना जरा अलंकार लावून. आणि मग यादीत एक नाव आलं. खुशालराव दादा, म्हणजे मोठेबाबा.

मोठेबाबा आणि पप्पा सहा वर्षं बोलत नव्हते. आजोबा केशवराव आजारी पडले तेव्हा पप्पांचं म्हणणं नागपूरला हलवू, मोठेबाबांचं म्हणणं आता त्यांना त्रास नको. आजोबा घरीच गेले. आणि त्यांच्या तेरवीत, भरल्या पंगतीत, पप्पा मोठ्या भावाला म्हणाले, "बाबाले तूच मारलं." त्यानंतर अमरावतीचं नाव आमच्या घरात कुणी घेतलं नाही.

म्हणून मी विचारलं होतं. दुकानाच्या गल्ल्यावर बसून, अगदी स्पष्ट विचारलं होतं, "पप्पा, मोठेबाबांचंही टाकू?"

पप्पा पोत्यावरचा शिक्का बघत होते. वर न बघता म्हणाले, "टाक."

एवढंच. मी किती आनंदानं ते आठ मेसेज लिहिले! दिवाळी, नवं वर्ष, संक्रांत, वाढदिवस, होळी, पाडवा, अक्षय तृतीया, लग्नाचा वाढदिवस. दोन भावांना मी जोडणार होते. आणि मग चारशे लोकांचे उलटे मेसेज यायला लागले, फोन अडकायला लागला, पप्पा ओरडले, "हे सारं डोळ्यासमोरून हटव!" मी हटवलं. सगळ्या चॅट एका झटक्यात त्या लपवायच्या कप्प्यात टाकल्या. मोठेबाबांचीही.

गाडीत, त्या सकाळी, मी तो कप्पा पहिल्यांदा उघडला.

मोठेबाबांचे अकरा मेसेज होते. कुणीच न वाचलेले.

मी वाचायला लागले आणि तिसऱ्याच मेसेजला मला हुंदका आला. आईनं पुढच्या सीटवरून मान वळवली. मी फोन तिच्याकडं दिला. तिनं चष्मा वर सरकवला, वाचलं, वाचत राहिली. मग फोन माझ्या मांडीवर उलटा ठेवला आणि ओठ न हलवल्यासारखं म्हणाली, "गप बस. आजचा दिवस निघू दे."

"काय झालं?" पप्पांनी आरशातून पाहिलं.

"काही नाही. तिले गाडी लागून राहिली," आई म्हणाली.

*

मोठेबाबांचा मुलगा पियुषदादा काय पाहत होता हे त्यानं मला खूप नंतर सांगितलं, पण त्याची जागा इथंच आहे.

मोठेबाबा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं गाड्यांच्या वेळा सांभाळल्या, रिटायर झाल्यावरही त्यांच्या मनगटावरचं घड्याळ पाच मिनिटं पुढंच असायचं. दिवाळीला सकाळी सातला पहिला मेसेज आला तेव्हा त्यांनी तो तीनदा वाचला आणि मोठीआईला हाक मारली, "रागिणी, किशोरचा आला व!" नव्या वर्षाला पुन्हा सात वाजता. संक्रांतीला सात. मग ते म्हणायला लागले, "याले म्हनते टाइम. एक मिनिट इकडं नाही का तिकडं नाही. माह्याच भाऊ होय." सणाच्या दिवशी ते पावणेसातलाच चहा घेऊन, फोन समोर टेबलावर ठेवून बसायचे. सणाला अंघोळ करावी तशी ती एक रीतच झाली होती त्या घरात.

आणि एका बोटानं, अर्धा-अर्धा तास लावून, ते उत्तर लिहायचे.

पियुषदादा ते सगळं बघायचा. मोठेबाबांना त्या खुणांचं काही कळत नव्हतं, पियुषदादाला कळत होतं. बापानं लिहिलेलं एकही अक्षर अकोल्यात कुणी उघडून पाहिलेलं नाही, हे तो सहा महिने बघत होता. त्यानं स्वतःची समजूत घातली, की काही लोक त्या निळ्या खुणा बंद ठेवतात, काकानंही ठेवल्या असतील. बापाचा चेहरा पाहून त्याला दुसरं काही बोलवलंच नाही.

तेरवीच्या सकाळी फोन टेबलावर होता. मोठीआई सवयीनं सातला येऊन समोर बसली होती, का बसलो हे तिचं तिलाच कळलं नसावं. फोन वाजला. पियुषदादानं उचलला, वाचला, आणि त्याच्या कपाळावरची शीर उठली.

"कोनाचा व्हय?"

"काकाचा."

"दे."

मोठीआईनं वाचलं. शंभर वर्षं हसत राहो, तेही वाचलं. मग पदरानं फोनची काच पुसली आणि म्हणाली, "आज तेरवी व्हय हे कळून नाही राहिलं का त्याले? पन जाऊ दे. तारीख तरी याद ठेवली बिचाऱ्यानं."

"आई, बिचारा काहून म्हनतं तू त्याले?"

"तुह्या बापाचं मन साफ झालं होतं त्याच्याकडून. दुपट्टा त्याच्याच हातून टाकाचा आज. मी ठरोलं."

आमच्या घराण्यात तेरवीला गेलेल्या माणसाच्या मोठ्या मुलाच्या खांद्यावर पांढरा दुपट्टा टाकतात. आता घर तुझं, असा त्याचा अर्थ. आणि तो टाकायचा वडिलांच्या पाठच्या भावानं. तो नसेल किंवा त्याचं-आपलं तुटलेलं असेल, तर भावकीतला दुसरा कुणी टाकतो, पण मग ते तुटणं चार लोकांत पक्कं होतं. पुन्हा त्या घरचं पाणी प्यायचं नाही. आमच्या येण्याला एवढी किंमत होती त्या दिवशी.

पियुषदादा काहीतरी बोलणार, एवढ्यात त्याच्या डोळ्यांदेखत बापाच्या अकराच्या अकरा मेसेजखाली निळं लागलं. एकदम. जसं कुणी बटण दाबून गल्लीतले दिवे लावावे.

ते मीच दाबलं होतं. मूर्तिजापूरच्या पुढं.

"आई," तो म्हणाला, "यायनं आज वाचलं. आत्ता. बाबा मेल्यावर."

"ते रंगाचं मले नोको सांगू," मोठीआई म्हणाली. "मी किशोरले तोंडानं इचारीन."

*

अमरावतीला साईनगरात मोठेबाबांच्या घरासमोर मांडव होता आणि दोन मोठे कूलर नुसती गरम हवा फेकत होते. आम्ही उतरलो तेव्हा पूजा सुरू झाली होती. पप्पा चपला काढून सरळ भावकीच्या सतरंजीवर जाऊन बसले. कुणी सरकून जागा दिली, कुणी नाही दिली. महादेवराव, म्हणजे भावकीतले सगळ्यांत वडील, तेवढे म्हणाले, "ये किशोर. रस्ता बरा भेटला का?"

"हो, मोकळाच होता रस्ता."

"मंग सहा वर्षं काय गर्दी होती का बे?" कुणीतरी मागून म्हणालं, आणि दोन-तीन जण खाकरले.

मी बायकांत जाऊन मोठीआईच्या पाया पडले. तिनं माझी हनुवटी धरली. "खुशे, किती उंच झाली व तू." बस, मला तिथंच सगळं ओकून टाकावंसं वाटलं. मी तोंड उघडलंही. पण आईनं मागून माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी रुतली.

पूजा आटोपली. नैवेद्याची पानं वाढली. पियुषदादाला पाटावर बसवलं, मुंडण केलेलं डोकं, बंडी, आणि समोर ताटात घडी घातलेला दुपट्टा.

"किशोर, ये बाप्पा," महादेवराव म्हणाले.

पप्पा उठले.

"थांबा," मोठीआई बोलली. तिच्या हातात मोठेबाबांचा फोन होता. "मले किशोरभाऊले एक गोष्ट इचाराची हाय. मंग टाका दुपट्टा."

पप्पा अर्ध्यावर थांबले.

"होळीले यायनं तुमाले लिवलं होतं. काय लिवलं होतं, भाऊ?"

पप्पांच्या मनात तेव्हा काय आलं, हे ते मला कधीच सांगणार नाहीत. आईनं सांगितलं त्यावरून एवढं कळतं, की त्यांना ते 'टाक' आठवत होतं. दिवाळीनंतर त्यांना वाटलं होतं, मी एक पाऊल टाकलं, आता दादा फोन करेल. फोन आला नाही. मग त्यांना राग आला, की बघा, शुभेच्छा पाठवल्या तरी याची मान वाकत नाही. सहा महिने ते मनातल्या मनात भावावर चिडून होते, की त्यानं उत्तर दिलं नाही! आणि उत्तरं त्यांच्याच खिशात होती.

"वहिनी, ते... होळीच्या शुभेच्छा दिल्या असन दादानं," पप्पा म्हणाले.

"नाही."

"मंग मले आता शब्दाशब्दानं याद नाही."

"शब्द नोको. गोष्ट सांगा. काय मांगतलं होतं यायनं तुमाले? जिंदगीत एकडाव मांगतलं."

पप्पांनी इकडंतिकडं पाहिलं. घाम त्यांच्या कानामागून ओघळत होता. मग त्यांनी हात केला, सरळ माझ्याकडं, एवढ्या लोकांत.

"हे सारं पोट्टीनं केलं, वहिनी. मेसेज-बिसेज तीच भरते फोनमधी. मले काहीच माहीत नाही. आजचाही तिनंच टाकला, गाढवीनं."

शंभर डोळे माझ्यावर. एक सांगू? मी वर्गात भाषण करते, माईकला घाबरत नाही, सगळे म्हणतात काय धीट पोरगी आहे. त्या क्षणी मी आईच्या आडोशाला सरकले. आई पुटपुटत होती, "बोलू नको, खुशे, बोलू नको." पण गाढवीन म्हणाले ना ते.

"मी विचारलं होतं," मी म्हणाले. आवाज चिरकला, पण म्हणाले. "गल्ल्यावर बसून विचारलं होतं, मोठेबाबांचं टाकू का. तुम्ही 'टाक' म्हणले."

"दुकानात हज्जार गोष्टीले हो म्हनते मानूस!"

"आठही मेसेज मीच लिहिले, मोठीआई. सातची वेळ मीच लावली. चॅट मीच लपवली. पप्पांनी एकही वाचला नाही आणि मी पण आजपर्यंत..."

मोठीआई माझ्याकडं बघत राहिली. आधी तिला समजलंच नाही. मग समजलं, आणि मी ते तिच्या चेहऱ्यावर होताना पाहिलं. रागानं लाल होतात ना माणसं, तसं नाही. ती म्हातारी झाली, एवढ्या वेळात.

"म्हंजे ते पावणेसातपासून बसत जाये," ती हळू म्हणाली, "ते तुह्यासाठी."

पियुषदादा पाटावरूनच बोलला. "होळीले बाबानं लिवलं होतं, काका. मीच वाचून दाखोतो. 'किशोर, छातीत दुखते. पुढच्या आठवड्यात नागपूरले दाखवाले जायचं म्हनतो. तू संग आला तर बरं वाटन. बाबाच्या टायमाले मी नाही म्हनलं होतं. या टायमाले तू म्हनशील ते करू. फोन करत नाही, फोनवर आपन भांडतो. असंच लिवत जाऊ.'" त्यानं फोन खाली ठेवला. "मी म्हनलं बाबा, चाला, मी नेतो. तर म्हने, नाही, किशोरचं उत्तर येऊ दे. मंग पाडव्याले सात वाजता आलं तुमचं उत्तर. 'नवे वर्ष निरोगी जावो.' बाबानं वाचलं अन् म्हनले, समजलो. याले यायचं नाही. अन् भरलेली बॅग रिकामी केली. मंग गेलेच नाही."

पप्पा उभेच होते. त्यांचा हात मघाशी माझ्याकडं केलेला, तो अर्धा तसाच वर होता.

"मले खरंच माहीत नव्हतं, वहिनी. आईची आन."

"तेच तं," मोठीआई म्हणाली. "तेच तं म्हनतो आमी."

महादेवराव खाकरले. "चाला, झालं ते झालं. किशोर नाही तं मी टाकतो दुपट्टा. पंगत खोळंबली."

"नाही, मामंजी." मोठीआईनं ताटातला दुपट्टा उचलला आणि चालत माझ्यासमोर आली. "ज्यानं यायच्यासंग बोलनं केलं, त्यानंच टाकाचा. खुशे, चाल."

"अहो, पोरीची जात..." कुणीतरी म्हणालं.

"तिनं आठ डाव भाऊ होऊन लिवलं, तवा कोनी जात इचारली नाही."

मला वाटलं, ती मला वाचवते आहे. एक क्षण खरंच तसं वाटलं. मग मी तिचे डोळे पाहिले. तिथं माया नव्हती. तिनं दुपट्टा माझ्या हातावर ठेवला तो असा, की हे घे, तुझं आहे, निभाव आता. मी पियुषदादासमोर गेले. त्यानं मान खाली घातली नाही, माझ्याकडं बघतच राहिला. मी दुपट्टा त्याच्या खांद्यावर टाकला. एका बाजूनं घसरला, मी पुन्हा सारखा केला. मागं माझे वडील आपल्या सख्ख्या भावाच्या तेरवीत, पुतण्याच्या पाटापासून चार हातांवर, परक्यासारखे उभे होते.

"झालं," मोठीआई म्हणाली. "आता जेवून जा तुमी. अन् खुशे, अजून काही बाकी असन आमच्या नावाचं त्या फोनमधी, तं काढून टाक. आमच्या घरी आता काही पाठवजो नोको."

आम्ही जेवलो नाही. पानावर बसलो असतो तरी कुणी वाढलं असतं का, माहीत नाही.

*

बडनेऱ्याच्या पुढं पप्पांनी गाडी हळू केली.

"खुशे. अजून काय काय लिवलं होतं त्यानं?"

मी फोन मांडीवर उलटा ठेवला.

"तुलेच इचारून राहिलो. वाचून दाखव."

"अकरा आहेत," मी म्हणाले. "तुम्हाला आलेले आहेत. तुम्ही वाचा."

मला वाटलं, ते चिडतील. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, एका बाभळीच्या विरळ सावलीत, आणि मागं हात केला. मी फोन दिला. आईनं दार उघडलं, मला म्हणाली, "उतर." आम्ही दोघी खाली उतरून उन्हात उभ्या राहिलो. काचेतून पप्पा दिसत होते. बियाण्याच्या पाकिटावरची माहिती वाचताना करतात तसं ओळीखाली बोट फिरवत वाचत होते. फोनची काच काळी झाली की पुन्हा बोट लावायचे. एक ट्रक गेला, दुसरा गेला. खूप वेळ.

मग त्यांनी खिडकीची काच खाली केली.

"आरती, हे नागपूरचं त्यानं होळीच्या दिवशीच लिवलं काय?"

"हो. सकाळी आठ वाजता," आई म्हणाली. तिलाही गाडीतच पाठ झालं होतं.

"मंग मी कुठं होतो व? दुकानात असन. गिऱ्हाईक असन..."

दिवसभर मला गप्प बसवणारी आई. तिनं पदरानं मानेवरचा घाम पुसला आणि पप्पांकडं सरळ पाहिलं.

"होळीले दुकान बंद होतं," ती म्हणाली. "तुमी दिवसभर घरीच होते. फोन हातातच होता तुमच्या."

पप्पांनी काच वर केली.